‘खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवलं’: ऑनलाइन डिस्क्लेमर म्हणजे काय आणि त्याने जबाबदारी टळते का?

‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्ह्ड’, ‘हेमावैम’, ‘मी काही तज्ज्ञ नाही, पण…’, ‘चुभूद्याघ्या’. ज्याच्या हातात फोन आहे त्याने ही वाक्यं रोज वाचलेली असतात, आणि बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेलीही असतात. मीसुद्धा लिहायचो.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर मी एक मेसेज टाकला होता. रोज सकाळी लसणाचं पाणी प्या, ब्लडप्रेशर आपोआप खाली येतं, गोळ्यांनी मात्र किडनी खराब होते, असा काहीतरी मजकूर होता. खाली मी स्वतः टाइप केलं, ‘आलं तसं पाठवलं. खरं-खोटं माहीत नाही. मी डॉक्टर नाही.’ झालं, माझ्या मते माझं काम संपलं.

दीड महिन्याने मावशी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, गोळ्या बंद केल्यात का? तिने केल्या होत्या. नशिबाने फार काही झालं नाही. मी फोनवर म्हणालो, “अगं मावशी, मी खाली लिहिलं होतं ना, खरं-खोटं माहीत नाही म्हणून!” ती म्हणाली, “अरे, तू पाठवलंस ना? मग म्हटलं, तू बघूनच पाठवलं असशील.”

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे, जी लिहून मी सुटलो असं मला वाटलं होतं. अशा ओळींना काय म्हणतात, त्यांचे प्रकार किती, वाचणाऱ्यावर त्यांचा काय परिणाम होतो, कायदा त्यांच्याकडे कसं बघतो आणि त्याऐवजी काय लिहावं, हे सगळं एकेक करून बघूया.

डिस्क्लेमर म्हणजे नेमकं काय?

आपण जे बोलणार आहोत त्यावरून समोरचा आपल्याला नावं ठेवेल, अशी शंका आली की माणूस आधीच एक वाक्य टाकून जागा सुरक्षित करून घेतो. या वाक्याला डिस्क्लेमर म्हणतात. मराठीत ‘हात वर करणं’ म्हणतो ना, जवळपास तेच. फरक इतकाच की इथे हात आधी वर होतात आणि बोलणं नंतर येतं.

जॉन ह्युइट आणि रँडल स्टोक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली ‘डिस्क्लेमर्स’ याच नावाचा एक शोधनिबंध लिहिला. तेव्हा स्मार्टफोन तर सोडाच, घरोघरी कॉम्प्युटरही नव्हते. तरी त्यांनी केलेले पाच प्रकार आजच्या कमेंट सेक्शनला जसेच्या तसे लागू पडतात. उदाहरणं मी आपल्याकडची घेतो.

१. कुंपणावर बसणं: ‘मी काही तज्ज्ञ नाही, पण…’ चुकलो तर मला धरू नका, असा याचा अर्थ.

२. प्रमाणपत्र दाखवणं: ‘मी जातपात मानत नाही, माझे कितीतरी मित्र त्या समाजाचे आहेत, पण…’ पुढचं वाक्य कसं असणार हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून आधीच स्वतःला चांगुलपणाचं सर्टिफिकेट देऊन टाकायचं.

३. नियम मोडायची परवानगी आपणच घेणं: ‘ग्रुपच्या नियमात बसत नाही माहीत आहे, अ‍ॅडमिन माफ करा, पण…’

४. वेड्यात काढू नका: ‘तुम्हाला विचित्र वाटेल, पण…’

५. थोडं थांबा: ‘आधी पूर्ण वाचा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला…’

पाचही प्रकारांत खरा मजकूर ‘पण’च्या पुढे असतो. शेवटच्या प्रकारात तो शब्द दिसत नाही, तरी मनात असतोच. यातला प्रत्येक डिस्क्लेमर खोटा असतो, असं मात्र नाही. मनापासून लिहिलेलं ‘मी तज्ज्ञ नाही’ आणि पळवाट म्हणून लिहिलेलं ‘मी तज्ज्ञ नाही’ दिसायला अगदी सारखं असतं, सगळी अडचण तिथेच आहे. वेगळं कसं ओळखायचं ते पुढे येईलच.

मराठी नेटवरचा छोटा शब्दकोश

आयएमएचओ: ‘इन माय हंबल ओपिनियन’, म्हणजे ‘माझ्या नम्र मते’. १९८०च्या दशकापासून इंग्रजी ऑनलाइन चर्चांत चालत आलेलं संक्षिप्त रूप. यातला ‘एच’ ‘हंबल’चा की ‘ऑनेस्ट’चा, यावर आजही वाद होतात. गंमत अशी की ज्या वाक्याला हे चिकटवलेलं असतं, ते बहुतेक वेळा अजिबात नम्र नसतं.

हेमावैम: ‘हे माझे वैयक्तिक मत’. मायबोली (१९९६), मिसळपाव (२००७) यांसारख्या मराठी संकेतस्थळांवरच्या चर्चांमध्ये रुळलेलं रूप.

चुभूद्याघ्या किंवा चुभूदेघे: ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. याची खरी गोष्ट फार छान आहे, ती शेवटाकडे सांगतो.

ह.घ्या.: ‘हलकेच घ्या’. चिमटा काढल्यावर लावायचं मलम. कधीकधी चिमटा नसतो, सरळ थोबाडीत असते आणि खाली ‘ह.घ्या.’ असतं.

लहान तोंडी मोठा घास: वयाने किंवा अनुभवाने मोठ्या माणसाला काही सांगण्याआधी म्हणायचं वाक्य.

डीवायओआर: ‘डू युअर ओन रिसर्च’, तुमचं तुम्ही तपासा. क्रिप्टो आणि शेअर बाजाराच्या चॅनेलवर हमखास दिसतं.

एनएफए: ‘नॉट फायनान्शियल अ‍ॅडव्हाइस’, हा आर्थिक सल्ला नाही. खाली कोणता शेअर कधी घ्यायचा हे सविस्तर दिलेलं असतं.

‘आरटी म्हणजे सहमती नव्हे’: एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, बायोमध्ये लिहायचं वाक्य. मी रिपोस्ट केलं म्हणजे मला ते पटलंच असं नाही, असा अर्थ.

हंबलब्रॅग: नम्रतेच्या कागदात गुंडाळलेली फुशारकी. ‘कसलीच तयारी केली नव्हती, कसा काय पहिला आलो देव जाणे’ किंवा ‘तीन कंपन्यांचे ऑफर लेटर आलेत, काय करू कळत नाही, फार टेन्शन आलंय.’ अमेरिकी विनोदी लेखक हॅरिस विटल्स याने २०१० मध्ये याच नावाचं ट्विटर अकाउंट काढलं आणि शब्द जगभर पसरला.

खोटी नम्रता फळते का?

नाही. आणि हे नुसतं माझं मत नाही, यावर प्रयोग झालेले आहेत.

ओव्हुल सेझर, फ्रान्चेस्का जिनो आणि मायकल नॉर्टन यांचा हंबलब्रॅगवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरळ फुशारकी मारणारा, सरळ तक्रार करणारा आणि तक्रारीच्या आडून फुशारकी मारणारा, यांच्यात लोकांना सगळ्यात कमी आवडला तो तिसरा. कारण तो मनापासून बोलत नाही, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. पहिला नंबर आला असेल तर ‘पहिला आलो, लय आनंद झाला’ असं लिहून मोकळं व्हावं. अभिनंदनही जास्त मिळेल.

दुसरा अभ्यास अमानी एल-अलायली आणि तिच्या सहकाऱ्यांचा, २००८ चा. ‘मला गर्विष्ठ वाटून घ्यायचं नाही, पण…’ असं म्हणून कोणी गर्विष्ठ वाक्य बोललं, तर ऐकणाऱ्याला तो जास्तच गर्विष्ठ वाटतो, असं त्यात दिसलं. ज्या दुर्गुणाचं नाव तुम्ही आधीच घेता, तोच समोरचा तुमच्यात शोधायला लागतो.

मग लोक तरी का लिहितात? कारण फायदा वेगळाच आहे. डिस्क्लेमरने आपली किंमत वाढत नाही, पण आपल्याला प्रश्न विचारणं अवघड होतं. ‘मी तर आधीच म्हटलं होतं मला माहीत नाही’ या उत्तरापुढे समोरच्याचं काही चालत नाही. दावा आपला, जबाबदारी कोणाचीच नाही.

आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात काय उरतं?

मावशीने माझी शेवटची ओळ वाचली नव्हती का? वाचली होती. पण दीड महिन्याने तिच्या डोक्यात लसूण राहिला, ओळ गेली.

मानसशास्त्रात याला ‘स्लीपर इफेक्ट’ म्हणतात. येल विद्यापीठातल्या कार्ल होवलँड आणि वॉल्टर वाइस यांनी १९५१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच लेख काही जणांना विश्वासू ठिकाणच्या नावाने वाचायला दिले, काही जणांना बेभरवशाच्या ठिकाणच्या नावाने. लगेच विचारलं तेव्हा विश्वासू नावाच्या लेखांनी जास्त मतं बदललेली होती. चार आठवड्यांनी विचारलं तर तो फरक उरला नव्हता. मजकूर लक्षात राहिला आणि ‘यावर फार विश्वास ठेवू नको’ ही खूण त्याच्यापासून सुटी झाली.

हा परिणाम प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही. पण अँथनी प्रॅटकॅनिस आणि सहकाऱ्यांच्या १९८८ मधल्या कामातून एक गोष्ट पुढे आली. सावध करणारी खूण मजकुराच्या नंतर आली, तर हा परिणाम जास्त ठळक होतो. आता आपल्या ग्रुपवरचा कुठलाही फॉरवर्ड आठवा. ‘खरं-खोटं माहीत नाही’ कुठे असतं? सगळ्यात खाली. तेसुद्धा ‘रीड मोअर’ दाबल्यावर.

अफवेची किंमत

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरत होत्या. त्याच संशयावरून हे घडलं. त्या वर्षी इतर राज्यांतही अशा घटना झाल्या.

अशा प्रकारचे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात कोणाला मारायचं नसतं. ‘खात्री नाही, पण काळजी घ्या, आपली मुलं सांभाळा’ इतकंच म्हणायचं असतं. ‘काळजी घ्या’ हे ऐकायला किती नम्र आणि भलं वाटतं! पण मेसेज चार गावं पुढे गेला की ‘खात्री नाही’ गळून पडतं आणि ‘टोळी आली आहे’ एवढंच उरतं.

याच काळात व्हॉट्सअ‍ॅपने काही बदल केले. ते माहीत असू द्या:

– जुलै २०१८: फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं लेबल दिसू लागलं. भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली.

– २०१९: पुन्हापुन्हा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण आली. मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त चॅटची साखळी पार केलेल्या मेसेजला ती लागते.

– एप्रिल २०२०: दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीने सांगितलं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ‘फॉरवर्डेड’ हे लेबल मशीन लावतं आणि ते मेसेजच्या प्रवासाबद्दलची खरी माहिती देतं. ‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्ह्ड’ हे मात्र माणूस हाताने टाइप करतो. मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला की मशीनचं लेबल उडतं. म्हणजे लेबल नाही, पण खाली हाताने लिहिलेलं ‘आलं तसं पाठवलं’ आहे, असा मेसेज दिसला की समजायचं: कोणीतरी तो निवडला, कॉपी केला, पेस्ट केला आणि मग म्हणाला की माझा काही संबंध नाही.

कायदा काय म्हणतो?

कायद्यात ‘मी फक्त पुढे पाठवलं’ ही जादूची कांडी नाही.

तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी एप्रिल २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची एक अपमानकारक पोस्ट फेसबुकवर शेअर केली. पोस्ट दुसऱ्याने लिहिलेली होती. न वाचता शेअर केली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ती काढली आणि माफीही मागितली. तरी मे २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारताना मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की मेसेज पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करणं आणि त्याला दुजोरा देणं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या विशेष न्यायालयाने एक महिन्याची साधी कैद आणि दंड अशी शिक्षा सुनावली.

बदनामीच्या कलमातही एक मजेशीर तरतूद आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ते कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे. बदनामी उपरोधाने केली किंवा ‘हे असेल नाहीतर ते असेल’ अशा आडवळणाने केली, तरी ती बदनामी ठरू शकते, असं स्पष्टीकरण त्यात दिलेलं आहे. म्हणजे ‘मी आपला साधा माणूस, मला काय कळतंय, पण साहेबांचा बंगला पगारातून झाला असेल असं वाटत नाही बुवा’ असं लिहिलं की सुटलो, असं नाही.

शेअर बाजारात तर हा खेळ उघडपणे चालतो. ‘फक्त शिक्षणासाठी’ असं लिहायचं आणि आत टिप्स द्यायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने चॅनेल चालवणाऱ्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला. नोंदणी नसताना, शिक्षणाच्या नावाखाली शेअर खरेदी-विक्रीचे सल्ले दिले जात असल्याचं त्यात म्हटलं होतं आणि १७ कोटी रुपयांहून जास्त रक्कम जमा करायला सांगितली होती. पुढे २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने स्पष्टच केलं की जो फक्त शिक्षण देतो, त्याने एखाद्या शेअरबद्दल बोलताना मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरायचे नाहीत. वर काय पाटी लावली आहे ते बाजूला, आत काय विकताय ते बघणार, असा हा हिशेब.

जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या स्वनियमन संस्थेनेही ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य आणि पैशांविषयी सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरना आपली पात्रता दाखवणं आवश्यक केलं. सल्ला ऐकण्याआधी सेबीच्या वेबसाइटवर नोंदणी तपासता येते. गुंतवणूक सल्लागाराचा नंबर ‘आयएनए’ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने.

दुकानदाराची ‘चूकभूल’

आता ती राहिलेली गोष्ट. किराणा दुकानाच्या जुन्या छापील बिलाच्या तळाशी ‘चूकभूल देणे घेणे’ किंवा ‘चू. भू. द्या. घ्या.’ असं लिहिलेलं असायचं. अजूनही कुठे कुठे असतं. लहानपणी मला वाटायचं, दुकानदार आधीच माफी मागून ठेवतोय.

पण शब्द नीट बघा. ‘देणे’ आणि ‘घेणे’. बेरीज चुकून तुमच्याकडून जास्त पैसे घेतले गेले असतील, तर मी परत देणं लागतो. कमी घेतले असतील, तर तुमच्याकडून घेणं लागतो. बिलाचा आकडा दुकानदाराचा, दुकानाचं नाव वर छापलेलं, उद्या तुम्ही बिल घेऊन आलात तर तो दुकानात सापडणार. यात माफी कुठेच नाही. चूक निघाली तर दुरुस्त करीन, असा तो लेखी शब्द आहे.

नेटवर आल्यावर याच शब्दांचा अर्थ उलटा झाला. ‘चुभूद्याघ्या’ म्हणजे आता ‘चुकलं तर तुमचं तुम्ही बघून घ्या’.

माझ्या मते खरी आणि खोटी नम्रता वेगळी करायला हे एकच बिल पुरतं. डिस्क्लेमर दिसला की तीन प्रश्न विचारा:

१. नेमकं काय माहीत नाही, हे सांगितलंय का? ‘मला काहीच कळत नाही’ हे खोटं. ‘मला दिल्लीतल्या किमती माहीत नाहीत, पुण्यातल्या सांगतो’ हे खरं. खरी नम्रता नेमकी असते. खोटी सगळ्यावर एकच पांघरूण घालते.

२. पुढचं वाक्य डिस्क्लेमरला धरून आहे का? ‘मी तज्ज्ञ नाही’ म्हटल्यावर ‘मला असं दिसलं’ असं यायला हवं. ‘अजिबात घेऊ नका, सगळे मूर्ख आहेत’ असं आलं की समजा, पहिलं वाक्य शोभेचं होतं.

३. चूक दाखवली तर माणूस काय करतो? ‘चूक असेल तर सांगा’ म्हणणाऱ्याला एक पुरावा देऊन बघा. ‘अरे हो, दुरुस्त करतो’ म्हणाला तर तो बिलवाला दुकानदार. ‘मी आधीच म्हटलं होतं मला माहीत नाही’ म्हणाला तर उत्तर मिळालं.

आपल्या परंपरेत नम्रता कमी नाही. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली. तीत ज्ञानेश्वर श्रोत्यांपुढे वारंवार स्वतःकडे लहानपण घेतात, उणं राहिलं ते तुम्ही भरून काढा असं विनवतात. पण ते म्हणून ते काम अर्धवट सोडत नाहीत. गीतेचे अठराही अध्याय त्यांनी शेवटपर्यंत उलगडून सांगितले. नम्रता आणि जबाबदारी तिथे एकत्र नांदतात.

मग लिहायचं कसं?

फोनबद्दल
असं नको: ‘मी एक्सपर्ट नाही, पण हा फोन घेऊ नका.’
असं लिहा: ‘हा फोन मी आठ महिने वापरतोय. चार्जिंगला लावून गेम खेळलो की गरम होतो. कॅमेरा चांगला आहे. इतरांचा अनुभव वेगळा असेल तर सांगा.’

पैशांबद्दल
असं नको: ‘खरं-खोटं माहीत नाही, पण उद्यापासून यूपीआयवर चार्ज लागणार म्हणे.’
असं लिहा: काहीच नको. आधी एनपीसीआय किंवा बँकेच्या अधिकृत वेबसाइटवर बघा. तिथे असेल तर ती लिंक पाठवा, नसेल तर मेसेज तुमच्याकडेच थांबू दे.

तब्येतीबद्दल
असं नको: ‘मी डॉक्टर नाही, पण गोळ्या बंद करून हे घ्या.’
असं लिहा: ‘डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.’ एवढंच.

अ‍ॅपबद्दल
असं नको: ‘त्या अ‍ॅपमध्ये व्हायरस आहे. हेमावैम.’
असं लिहा: ‘ते अ‍ॅप टाकल्यापासून माझ्या फोनवर सारख्या जाहिराती येतायत. काढून टाकल्यावर बंद झाल्या.’

शेवटचं उदाहरण नीट लक्षात ठेवा. ‘हेमावैम’ फक्त मतालाच लावता येतं. मिसळ कोल्हापूरचीच भारी, हे मत आहे. अमुक अ‍ॅपमध्ये व्हायरस आहे, ही माहिती आहे. ती खरी असते किंवा खोटी असते, वैयक्तिक नसते.

चूक झालीच तर

– व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः टाइप केलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत एडिट करता येतो. मेसेज दाबून धरा आणि मेन्यूतून ‘एडिट’ निवडा.

– ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवस चालतं. पण तोवर लोकांनी वाचलेलं आणि पुढे पाठवलेलं असतं, हे विसरू नका.

– म्हणून नुसतं डिलीट करून गप्प बसू नका. त्याच ग्रुपवर लिहा: ‘सकाळी मी टाकलेला लसणाचा मेसेज चुकीचा होता. कोणाला पुढे पाठवला असेल तर त्यांनाही कळवा.’ दोन ओळींचं काम आहे, जड जातं, पण हेच ‘देणे-घेणे’.

नेहमीचे प्रश्न

मोठ्यांच्या ग्रुपवर ‘लहान तोंडी मोठा घास घेतोय’ लिहिणं म्हणजे खोटी नम्रता का?
नाही. तो आदर आहे. नवीन लोक, बुजरे लोक भीतीपोटीही ‘मला वाटतं’ लिहितात. त्यांची टिंगल करू नका. तपासायचं ते ‘पण’च्या पुढचं.

काका-मामांना कसं विचारायचं?
सगळ्यांसमोर ‘फेक आहे’ म्हणून तोंडघशी पाडू नका. वैयक्तिक मेसेज करा: ‘काका, हे कुठून आलं? मीही बघतो.’ बहुतेक वेळा तेवढ्यानेही पुढचा फॉरवर्ड थांबतो.

ग्रुपमधल्या प्रत्येक मेसेजला अ‍ॅडमिन जबाबदार असतो का?
मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेली योजना नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. ज्याने टाकलं त्याचं ते.

एआय चॅटबॉटच्या खाली ‘चुका होऊ शकतात’ लिहिलेलं असतं, ते कसलं?
ती सूचना तुमच्यासाठी आहे, तपासून घ्या म्हणून. उत्तर कॉपी करून ग्रुपवर टाकताना ती सूचना मागेच राहते आणि नाव तुमचं लागतं. ‘एआयने सांगितलं’ हे ‘आलं तसं पाठवलं’चंच नवं रूप आहे.

बायोमध्ये ‘आरटी म्हणजे सहमती नव्हे’ लिहिलं तर चालेल का?
लिहा हवं तर. पण रिपोस्ट वाचणारे किती जण तुमचा बायो उघडून बघतात?

मावशी आता ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेते. ग्रुपवर काही आलं की मलाच विचारते, “अरे, हे खरं आहे का?” पूर्वी मी पटकन म्हणायचो, “मला काय माहीत, मी थोडाच डॉक्टर आहे!” आता म्हणतो, “थांब, बघून सांगतो.” आणि बघतो.